कटरवाल्याला थांबवा, आधी डायल ओळखा

पारोळ्याजवळच्या गावातून विचारणा आली आहे. धाब्याच्या जुन्या घरात आजोबांच्या कापसाच्या अडतीवरून आणलेली लोखंडी तिजोरी आहे. कमरेइतकी उंच, काळा रंग, समोर शंभर रेघांची पितळी डायल, तिच्याखाली टी आकाराची मूठ. नावाची पट्टी केव्हाच निघून गेली, तिच्या जागी दोन स्क्रूची भोकं आणि अंडाकृती डाग तेवढा उरला. मुठीजवळ एक चार आकडी नंबर ठोकलेला आहे. आजोबांनी उघडायचा नंबर कोणालाच सांगितला नव्हता. घरच्यांनी जन्मतारखा, लग्नाच्या तारखा, तो ठोकलेला नंबर, सगळं लावून पाहिलं. आता चुलते गॅस कटरवाल्याला बोलावणार आहेत. कुलूप कोणत्या जातीचं, नंबर किती आकड्यांचा, 'मास्टर नंबर' असतो का आणि न फोडता उघडेल का, असे चार प्रश्न आहेत.

कटरवाल्याला आधी नाही म्हणून सांगा, भाऊ. बाकीचं निवांत बोलता येईल.

जुन्या तिजोरीचं दार म्हणजे एकसंध लोखंड नसतं. बाहेरचा जाड पत्रा, आतला पातळ पत्रा आणि मधे आग थोपवणारा भराव. एकोणिसाव्या शतकातल्या विलायती तिजोऱ्यांत तुरटी आणि लाकडाचा भुसा भरायची पद्धत होती. तापलं की तुरटीतलं पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि आतला कागद जळण्याइतका तापत नाही. बाहेरून आग लागली तर ही युक्ती छान चालते. कटरची ज्योत मात्र दार भेदून आत जाते. भुसा धुमसतो, वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या थेट कप्प्यात पडतात. सोन्याला काही होत नाही, पण खरेदीखतं, गहाणखतं, जुने उतारे यांची राख होते. अडतीवरच्या तिजोरीत सोन्यापेक्षा कागदच जास्त निघतात, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. शिवाय काही जुन्या तिजोऱ्यांच्या भरावात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. बंद खोलीत ती धूळ उडवणं छातीला वाईट.

आता डायलकडे या. आपल्या खानदेशात जुन्या तिजोऱ्या कमी नाहीत. जळगाव-धुळ्याच्या सराफी पेढ्या, अमळनेर-चोपड्याचे अडते, जिन-प्रेसची कार्यालयं, सावकारांचे वाडे, सगळीकडे त्या होत्या आणि अजून पुष्कळ आहेत. पण त्यातल्या बहुतेक चावीच्या. त्याला कारण आहे. इंग्रज कारागीर शेवटपर्यंत चावीवर भरवसा ठेवून राहिले. चब, मिल्नर, चॅटवुड, हॉब्ज हार्ट ही नावं पितळी पट्टीवर दिसली की समोर चावीचं भोक असणार असं धरून चालायचं. गोदरेजने १८९७ मध्ये मुंबईत कुलपांपासून सुरुवात केली, तिजोऱ्या पुढे १९०२ पासून केल्या. त्यांच्याही जुन्या घरगुती तिजोऱ्या मुख्यतः चावीच्याच. अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. तिथले दरोडेखोर चावीच्या भोकातून बंदुकीची दारू भरून दार उडवायचे. भोकच नको म्हणून तिथल्या बँकांनी नंबरचं कुलूप उचलून धरलं. येल आणि सार्जंट ही त्या काळातली मोठी नावं. नंबर माहीत असलेल्या मॅनेजरलाच रात्री घरून उचलून आणायला लागले, तेव्हा जेम्स सार्जंटने १८७३ मध्ये घड्याळाचं कुलूप बाजारात आणलं. ठरलेली वेळ झाल्याशिवाय ते मॅनेजरलाही उघडता येत नसे.

तेव्हा तुमच्या तिजोरीला खरोखर डायल असेल, तर ती एकतर अमेरिकी वळणाची आहे, नाहीतर पुढच्या काळात इथे बनलेली आणि परदेशी कुलूप बसवलेली. 'खरोखर' म्हणतो, कारण प्रत्येक गोल पितळी वस्तू डायल नसते. कधी ती नुसती चावीच्या भोकावरची झाकणी असते. काही जुन्या तिजोऱ्यांत भोक एखाद्या खोट्या रिव्हेटखाली दडवलेलं असतं. रिव्हेट दाबला किंवा सरकवला की झाकण बाजूला होतं. म्हणून दारावरचा प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक टिकली अंगठ्याने दाबून, ढकलून बघा. डायल आणि चावी दोन्ही लागणाऱ्या तिजोऱ्याही असतात. तशी असेल तर नंबर बरोबर लावूनही दार हलणार नाही, आणि तुम्ही बसाल नंबरलाच शिव्या देत. फ्रेंच तिजोऱ्यांना एका डायलऐवजी अक्षरांची चार लहान बटणं असतात. ती आपल्याकडे क्वचित दिसतात आणि तुमच्या वर्णनात बसतही नाहीत, म्हणून सोडून देऊ.

मुठीजवळ ठोकलेला नंबर हा कारखान्याचा अनुक्रमांक. उघडायच्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही. लोक सगळ्यात आधी तोच लावून बघतात आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच घालवतात.

कुलूप आतून कसं चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं हाताला कळेल. डायलला एक दांडा असतो, तो दारातून आत जातो. दांड्याच्या आतल्या टोकाला एक पक्की चकती असते. डायल फिरली की ती फिरते. तिच्या शेजारी तीन किंवा चार मोकळ्या चकत्या एकाच दांड्यावर असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच आणि अंगावर एक बारीक खुंटी. पक्की चकती एक फेरा फिरते, तिची खुंटी पहिल्या मोकळ्या चकतीला अडते आणि तिला सोबत घेते. ती पुढचीला घेते. भुसावळच्या यार्डात इंजिन मागे सरकलं की डबे एकामागून एक धक्का घेत हलतात, तसंच. वर लिव्हरला एक आडपट्टी लटकलेली असते. सगळ्या मोकळ्या चकत्यांच्या खाचा एका रेषेत तिच्याखाली आल्या तरच ती खाली पडते, लिव्हर पक्क्या चकतीच्या खाचेत अडकतो आणि डायलबरोबर खिटी ओढली जाते. 'नंबर' म्हणजे या खाचा कुठे आहेत याचा पत्ता. मास्टर नंबर नावाची गोष्ट या यंत्रात बसूच शकत नाही, कारण सगळ्या कुलपांच्या खाचा एकाच ठिकाणी नसतात. नवी अमेरिकी कुलपं कारखान्यातून येताना सगळ्या चकत्या ५० वर ठेवून येतात, तेवढा एक प्रयत्न करून बघायला हरकत नाही. पण आजोबांनी वापरलेल्या तिजोरीत तो नंबर तसाच राहिला असेल याची आशा धरू नका.

नंबर किती आकड्यांचा हे हाताने मोजता येतं. डायल डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाच-सहा पूर्ण फेरे फिरवा आणि शून्यावर थांबा. सगळ्या चकत्या आता एकमेकींना टेकून उभ्या आहेत. आता हळूहळू, अगदी दोन बोटांनी, उजवीकडे फिरवा. पहिला फेरा पूर्ण होताना शून्याच्या आसपास हाताला बारीकसा धक्का लागेल आणि डायल किंचित जड होईल. एक चकती सोबत आली. पुढच्या फेऱ्यात पुन्हा त्याच सुमारास दुसरा, मग तिसरा. जितके धक्के तितक्या चकत्या, आणि जितक्या चकत्या तितके नंबर. तीन लागले तर तीन नंबर, चार लागले तर चार. रात्री, पंखा बंद करून करा. कान दाराला लावायची गरज नाही, ते सिनेमातलं. बोटांना जे कळतं ते कानाला कळत नाही.

याच वेळी आणखी एक खूण मिळते. डायल फिरवताना दर फेऱ्याला एकाच जागी, दहा-पंधरा रेघांच्या अंतरात, दोन ठिकाणी ती अडखळते का बघा. अडखळत असेल तर ती लिव्हरची चोच पक्क्या चकतीच्या खाचेच्या दोन्ही कडांना लागते आहे. म्हणजे कुलूप सर्वसाधारण लिव्हरच्या जातीचं आणि निदान आतला भाग शाबूत. असं काहीच जाणवत नसेल पण मूठ हलकीच दाबून धरल्यावर डायल जड होत असेल, तर ती दुसरी जात: आडपट्टी मुठीने थेट चकत्यांवर दाबली जाते. त्या जातीत शेवटी ठराविक जागी, बहुधा शून्यावर, डायल थांबवून मूठ फिरवावी लागते. घरगुती जुन्या तिजोऱ्यांत ही जात बरीच भेटते, म्हणून हा फरक टिपून ठेवा. पुढे जो कारागीर येईल त्याचा अर्धा वेळ वाचेल.

फिरवण्याची रीत बहुतेकांची चुकते. तीन चकत्यांच्या कुलपात पहिला आकडा डावीकडे फिरवत चौथ्यांदा निशाणीखाली आला की थांबायचं. दुसरा आकडा उजवीकडे तिसऱ्यांदा. तिसरा डावीकडे दुसऱ्यांदा. मग सावकाश उजवीकडे, अडेपर्यंत. चार चकत्या असतील तर पाच-चार-तीन-दोन. 'चार वेळा' म्हणजे चार फेरे नव्हेत. आकडा निशाणीखाली चौथ्यांदा येणं. एक रेघ पुढे गेलात तर मागे घेऊ नका. मागे घेतलं की मागच्या चकत्या हलल्या, सगळं पहिल्यापासून. काही कुलपांत दिशा उलट असते. आणि डायलच्या कड्यावर दोन निशाण्या असतील तर उघडायची निशाणी बरोबर वर, बारा वाजण्याच्या जागी. तिच्या डावीकडची दुसरी नंबर बदलताना वापरायची असते. लोक तिच्यावर नंबर लावत बसतात आणि कुलूप खराब झालं म्हणतात.

यातच एक गोष्ट सांगतो, तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे पण दुसऱ्या कोणाच्या घरात बंद तिजोरी असेल तर कामी येईल. पेढीवर दिवसभर उघड-मीट असायची. मुनीम लोक दर वेळी पूर्ण नंबर लावत नसत. सकाळी एकदा लावायचे आणि दिवसभर बंद करताना डायल फक्त थोडी हलवायचे. उघडताना थोडी परत फिरवली की झालं. मालक अचानक गेला असेल तर तिजोरी अशाच अर्ध्या अवस्थेत बंद राहिलेली असू शकते. म्हणून जुनी डायल हातात घेण्याआधी ती कोणत्या आकड्यावर उभी आहे त्याचा फोटो काढायचा, मूठ उघडायच्या दिशेला हलकी धरून डायल दोन्हीकडे थोडी थोडी फिरवून बघायची. एकदा कोणी गमतीने चार फेरे फिरवले की हा रस्ता बंद.

सगळे नंबर लावून बघू म्हणाल, तर हिशेब ऐका. शंभर रेघा, तीन चकत्या: दहा लाख शक्यता. जुनं कुलूप थोडं सैल असतं, एक रेघ इकडेतिकडे चालते, म्हणून एकाआड एक आकडा घेतला तरी पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, सव्वा लाख. एकाला अर्धा मिनिट धरलं तर हजाराहून जास्त तास, म्हणजे रोज आठ तास बसून चार महिन्यांहून जास्त. पण एका चकतीची जागा कळली तर उरतात अडीच हजार, आणि ते एकवीस तासांचं काम. जाणकार कारागीर हेच करतो: अडखळण्याच्या त्या दोन जागा तो चकत्या वेगवेगळ्या ठेवून पुन्हा पुन्हा मोजतो, कागदावर आलेख काढतो आणि कुठे आडपट्टी केसभर खाली बसते ते शोधतो. हे काम संयमाचं आहे, जादूचं नाही.

त्याआधी खरा नंबर शोधा, आणि नुसता अंदाजाने नाही. कमी लोक हे नीट करतात. आजोबांच्या रोजमेळ, खतावणी, चोपड्या बघा. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या मजकुराजवळ, शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला, टेबलाच्या खणाच्या तळाला, देव्हाऱ्याच्या मागे, तिजोरीच्या मागच्या भिंतीवर. जुन्या वह्या मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. अडतीवर गुजराती मुनीम असेल तर आकडेही गुजराती असतील, आणि गुजराती एक घाईत वाचला तर आपल्या नवासारखा दिसतो; त्या एका आकड्यापायी खरा नंबर हातात असूनही दार न उघडलेली तिजोरी मी पाहिली आहे. संबंध नसलेल्या हिशेबात मधेच तीन दोन-अंकी रकमा दिसल्या तर त्या टिपा. क्रम उलटा लिहिलेला असू शकतो, म्हणून तिन्हींचे सहा क्रम आणि दोन्ही दिशा, बारा वेळा लावा. तरीही उघडली नाही तर प्रत्येक आकडा एक रेघ मागेपुढे करून बघा, म्हणजे सत्तावीस जोड्या. वर्षानुवर्षांच्या झिजेने कुलूप एखादी रेघ सरकतं आणि मालकाला ते माहीत असतं. तो न सांगता तसंच लावत असतो.

नंबर बरोबर असून कुलूप उघडत नाही, हे जितकं वाटतं तितकं विरळ नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही. त्या उष्णतेने कुलपातलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं, आणि एक चकती फिरली की शेजारचीही चिकटून सोबत जाते. मग कागदावरचा नंबर खरा असला तरी चकत्या त्या जागी राहत नाहीत. जिनच्या कार्यालयातून आलेल्या कुलपात रुईचे तंतूही मिळतात. यावर उपाय म्हणून डायलच्या फटीत तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. तो दांड्यावरून वाहत चकत्यांवर जातो आणि चिकटपणा वाढवतो. त्याऐवजी डायल कित्येक फेरे दोन्हीकडे जोरात न फिरवता, एका लयीत फिरवा. पुष्कळदा एवढ्याने चकत्या सुटतात. नंबर लावून झाल्यावर मूठ आधी बंद करायच्या दिशेला पूर्ण दाबा, दार गुडघ्याने आत ढकला आणि मग डायलचा शेवटचा फेरा घ्या. आत वह्या कोंबलेल्या असतील किंवा शेणाने सारवलेली जमीन खचून तिजोरी कललेली असेल, तर दाराचा भार खिटीवर येतो आणि कुलूप मोकळं असूनही हलत नाही. एका बाजूला पाचर देऊन ती सरळ करा, पण आडवी करू नका. तिचं वजन सहज दोन-तीनशे किलो असतं, पायावर आली तर नंबरची गरज कायमची संपेल.

हातोड्याने डायल ठोकून आत पाडायचा सल्लाही कोणी देईल. देऊ द्या. अनेक कुलपांत दांडा तुटला की एक वेगळी खिटी सुटते आणि दार कायमचं अडकवते. मग जिथे एक बारीक भोक पुरलं असतं तिथे दार कापावं लागतं.

हे सगळं करून दार उघडलं नाही तर तिजोरीच्या कामाचा कारागीर बोलवा, गल्लीतला डुप्लिकेट चावीवाला नको. चांगला माणूस आधी हातानेच नंबर काढायचा प्रयत्न करतो. त्यातून नाही जमलं तर कुलपाच्या जागी ठरवून एक बारीक भोक पाडतो, त्यातून कॅमेऱ्याची नळी घालून खाचा डोळ्याने बघतो आणि त्या एका रेषेत आणतो. नंतर भोकात पोलादी खुंटी ठोकून, घासून, रंग लावला की दाराचं मोलही जात नाही. भाव ठरवताना हे विचारा: भोक कुठे पाडणार? 'बघू, कुठेतरी पाडू' असं उत्तर आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

उघडायच्या दिवशी सगळे वारसदार समोर असू द्या. खोलीत गर्दी होणारच आणि दारातून कोणीतरी 'मझार काय शे?' विचारत राहणारच. मोबाइलवर अखंड चित्रीकरण करा, गावातली दोन तटस्थ माणसं पंच म्हणून बसवा, जे निघेल त्याची यादी करून सगळ्यांच्या सह्या घ्या. बंद केलेल्या पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा निघाल्या तर दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा वकिलाला विचारून पुढचं करा. हत्यार निघालं तर हात न लावता पोलिसांना कळवा. तुमची तिजोरी घरच्याच माणसाची, म्हणून प्रश्न सोपा. विकत घेतलेल्या वाड्याच्या भिंतीत दडवलेला ऐवज सापडला असता तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागली असती.

तुमच्याकडून मला हव्या आहेत त्या गोष्टी अशा: डायलचा समोरून फोटो, कड्यावरच्या निशाण्या दिसतील असा, दार आणि चौकट यांच्यातल्या फटीचा, बिजागरीच्या बाजूने, धक्के किती लागले, अडखळण्याच्या दोन जागा कोणत्या आकड्यांवर, आणि मूठ दाबल्यावर डायल जड होते की नाही. पट्टी निघाल्यावर उरलेल्या त्या अंडाकृती डागाची लांबी-रुंदी फूटपट्टीने मोजून पाठवा. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर पण पाठवा, त्यावरून पट्टी कोणत्या कंपनीची होती हे पुष्कळदा ओळखता येतं.